पासवर्ड न विचारणारा संगणक

गंगापूर रोडवर जेहान सर्कलच्या अलीकडे आमच्या सोसायटीचं छोटं वाचनालय आहे. तिथे एक जुना डेस्कटॉप ठेवला आहे. कुठल्याशा कार्यालयातून निकालात निघालेला, 2 जीबी रॅमचा. त्यावर डेबियन लिनक्स चालतं. गेलेली लाइट परत आली की तो आपला आपण सुरू होतो. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या दोन-चार ओळी सरकतात आणि थेट वर्तमानपत्रांचा डेस्कटॉप समोर येतो. मध्ये नाव नाही, पासवर्ड नाही. नवा सभासद पहिल्यांदा हे पाहतो तेव्हा हमखास विचारतो, "अहो, ह्याला कुलूपच नाही का?"

कुलूप आहे, त्याबद्दल पुढे सांगतो. या प्रश्नामागे मात्र एक समजूत असते. लॉगिनचा तो रंगीत पडदा संगणकाबरोबरच जन्माला आला आणि आम्ही तो खटपट करून उखडला, असं लोकांना वाटतं. खरं तर तो पडदा या घराण्यात बराच उशिरा आलेला पाहुणा आहे.

मूळ पुरुष शोधायचा तर 1961 साली अमेरिकेतल्या एमआयटीत जावं लागतं. फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही प्रणाली त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये चालवून दाखवली. एकच अवाढव्य आयबीएम यंत्र, आणि आपापल्या टंकयंत्रावर बसलेली अनेक माणसं ते एकाच वेळी वापरताहेत, ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. यंत्राचा वेळ सोन्याच्या भावाचा. तो कुणी किती वापरला याचा हिशेब हवा, म्हणून आधी नाव सांगायचं. आपल्या नावावर दुसऱ्याने वेळ उधळू नये आणि आपल्या फायली त्याने चाळू नयेत, म्हणून पासवर्ड. गंगापूर धरणाचं आवर्तन सुटलं की कुणाच्या शेताला किती तास पाणी, हे पाटकऱ्याच्या वहीत लिहिलेलं असतं. लॉगिन ही तशी पाळीची वही होती. पाळीच्या वहीत जे गैरप्रकार होतात तेही इथे लगेच झाले. अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधकाला आठवड्याला मिळणारे मोजके तास पुरेनात. 1962 मध्ये त्याने सगळ्यांचे पासवर्ड असलेली फाइल चक्क छापून घेतली आणि इतरांच्या नावावर काम उरकलं. संगणकातली पासवर्डची पहिली नोंदलेली चोरी ही अशी, जास्तीचा वेळ मिळावा म्हणून झालेली.

बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स रचलं तेव्हा ही वही सोबत आली. युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेवर 3 नोव्हेंबर 1971 ही तारीख आहे आणि आपल्या गोष्टीतली तिन्ही पात्रं तिच्यात हजर आहेत. इनिट हा सगळ्यांत आधी जागा होणारा प्रोग्राम. जोडलेल्या प्रत्येक टंकयंत्रासाठी तो एक गेटी सुरू करतो. गेटी त्या तारेवर कान लावून बसतो, समोरचं यंत्र कोणत्या जातीचं आहे ते ओळखतो आणि नाव विचारतो. नाव मिळालं की तो लॉगिनला पुढे करतो. लॉगिन पासवर्ड तपासतो आणि माणसाला शेलच्या, म्हणजे आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रामच्या, हवाली करतो. माणूस काम संपवून उठला की इनिट त्या तारेवर पुन्हा नवा गेटी बसवतो. टंकयंत्रं केव्हाच भंगारात गेली, पण ही साखळी वाचनालयातल्या आमच्या यंत्रात आजही अशीच चालते. इनिटच्या जागी 2010 मध्ये अवतरलेलं सिस्टिमडी आलं आणि गेटीचं धाकटं भावंड एगेटी आलं, इतकाच फरक.

चित्रांचा पडदा आला तो पुढे, 1984 मध्ये, पुन्हा एमआयटीतच. बॉब शायफलर आणि जिम गेटीज यांनी एक्स ही खिडक्यांची प्रणाली सुरू केली. (गेटीज या आडनावाचा आणि मघाच्या गेटीचा काही संबंध नाही, पण हे गृहस्थ लक्षात ठेवा, महाराष्ट्राच्या वाटेवर ते पुन्हा भेटणार आहेत.) एक्स वापरायचं तर अक्षरी पडद्यावर नाव-पासवर्ड द्यायचा आणि मग ते आपल्या हाताने सुरू करायचं, असा रिवाज होता. खिडक्या ही माणसाने आत आल्यावर हवी तर मागायची गोष्ट होती. मग एक्स टर्मिनल नावाची यंत्रं बाजारात आली. त्यांच्यात पडदा, कळफलक, माउस एवढंच. डोकं दूरच्या मोठ्या संगणकात. अशा यंत्रावर आधी अक्षरी लॉगिन करायचं ते कुठे? ही अडचण सोडवायला कीथ पॅकार्ड यांनी एक्सडीएम लिहिलं आणि 1988 मध्ये एक्सच्या अकराव्या आवृत्तीच्या तिसऱ्या प्रकाशनातून ते लोकांच्या हाती आलं. आज जीडीएम, एसडीडीएम, लाइटडीएम अशा नावांनी जे लॉगिन मॅनेजर दिसतात, त्यांचा हा आजा. तो जन्मला दहा जणांत वाटलेल्या यंत्रासाठी आणि येऊन बसला एकट्याच्या टेबलावर.

तो घरच्या टेबलावर लगेच बसला नाही, हेही खरं. नव्वदच्या दशकात आपल्याकडे लिनक्स पोचलं ते बरंचसं पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर येणाऱ्या सीडीवरून. ते बसवलं की समोर यायचा काळा पडदा. नाव, पासवर्ड, मग 'स्टार्टएक्स' असं टंकायचं. नशीब असेल तर खिडक्या उघडायच्या आणि मॉनिटरची माहिती चुकीची भरली असेल तर नुसत्या रेघा. रेड हॅटमध्ये इनिटच्या फाइलीत एका ओळीत 3 चा आकडा असला तर अक्षरी पडदा आणि तिथे 5 केला की चित्रांचा लॉगिन, अशी सोय होती. तो 5 हळूहळू सगळीकडे रुळला आणि नव्या पिढीला लिनक्सची सुरुवातच तिथून होते असं वाटू लागलं.

आता महाराष्ट्रात. 2007 साली रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराट या धनगरवाड्याच्या एकशिक्षकी प्राथमिक शाळेत हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पाचा भारतातला हा पहिला प्रयोग. शाळेत इनमिन वीस-बावीस मुलं, पहिली ते चौथी. एक्सओ नावाच्या या लॅपटॉपमध्ये 433 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 256 एमबी रॅम आणि 1 जीबी साठवण होती. आत फेडोरा लिनक्स आणि त्यावर मुलांसाठी रचलेलं शुगर. आणि या प्रकल्पाच्या सॉफ्टवेअर विभागाचे उपाध्यक्ष होते तेच जिम गेटीज.

एक्सओ सुरू केला की लॉगिनचा पडदा येत नसे. अगदी पहिल्या वेळी तो फक्त नाव विचारी. मग एक्स आणि ओ ही अक्षरं जोडून काढलेली एक मूर्ती दिसे; तिच्यावर टिचकी मारत राहायचं आणि आवडला तो रंग धरायचा. झालं. त्यानंतर कधी काही विचारणं नाही. मशीन आतल्या आत ठरलेल्या नावाने लॉगिन उरकून थेट शुगरमध्ये उतरे. हा आळस नव्हता. इवान क्रस्टिच यांनी 2007 मध्येच या लॅपटॉपची सुरक्षा-संहिता लिहिली होती, बिटफ्रॉस्ट नावाची. वापरणाऱ्याला पासवर्ड नसावा, हे तिच्यातलं एक जाहीर उद्दिष्ट होतं. पाच वर्षांच्या पोराच्या स्मरणशक्तीवर यंत्राची सुरक्षा टांगायची नाही, असा साधा हिशेब. मग चोरीचं काय? त्यासाठीची तपासणी यंत्राच्या पोटात खोल ठेवली होती. लॅपटॉपला ठरावीक मुदतीचा परवाना घ्यायला लावण्याची त्यात सोय होती. मुदत संपली आणि परवाना नव्याने मिळाला नाही की यंत्र चालू व्हायचंच नाही. मुलाला अडवायचं नाही, चोराला अडवायचं. मला हा विचार आजच्या कित्येक लॉगिन-पडद्यांपेक्षा शहाणा वाटतो. त्या प्रकल्पावर झालेली बाकीची टीका, म्हणजे पैशांची, शिक्षकांना गृहीत धरल्याची, रास्त असली तरी.

त्याच सुमारास दुसऱ्या टोकालाही हेच चाललं होतं, पण घाईपोटी. सप्टेंबर 2008 मध्ये पोर्टलंडच्या एका परिषदेत इंटेलच्या अर्यान व्हान दे वेन आणि औका कोक यांनी आसुसचा छोटा ईई पीसी पाच सेकंदांत सुरू करून दाखवला. एक सेकंद कर्नेलला, एक सुरुवातीच्या जुळवाजुळवीला, एक एक्सला, दोन डेस्कटॉपला. या जमाखर्चात लॉगिनच्या पडद्याला जागाच नव्हती. रास्पबेरी पाय 2012 मध्ये आला तो मात्र पुन्हा जुन्या वळणाचा: नाव 'पाय', पासवर्ड 'रास्पबेरी', मग स्टार्टएक्स. साऱ्या जगाला ठाऊक असलेला पासवर्ड हा कुलपाचा सर्वांत वाईट प्रकार. 2022 मध्ये तो ठरीव वापरकर्ताच काढून टाकण्यात आला.

आता वाचनालयातलं यंत्र. त्यावर लॉगिन मॅनेजर बसवलेलाच नाही. पहिल्या आभासी पडद्यावर बसणाऱ्या एगेटीला एका छोट्या फाइलीतून सांगितलं आहे, की नाव विचारत बसू नकोस, 'वाचक' हेच नाव धर आणि लॉगिनला पासवर्ड न विचारण्याची खूण दे. साखळीतली एकही कडी तोडलेली नाही, फक्त उत्तर आधीच भरून ठेवलं आहे. दुसरी गोष्ट 'वाचक'च्या प्रोफाइल फाइलीतल्या तीन ओळी: हा पहिलाच पडदा आहे ना आणि एक्स अजून सुरू नाही ना, एवढं पाहायचं आणि मग स्टार्टएक्स चालवायचं. तिसरी, डेस्कटॉप कोणता उघडायचा हे सांगणारी एका ओळीची फाइल. लाइट आल्यावर यंत्राने आपोआप उठणं ही मात्र लिनक्सची करामत नाही. ती बायोसमधली एक निवड आहे.

आणि कुलूप? कंट्रोल, आल्ट आणि एफ2 एकत्र दाबलं की दुसरा पडदा येतो. तिथला गेटी 1971 सारखाच शिस्तीत नाव आणि पासवर्ड मागतो. 'वाचक'ला नवं काही बसवायचा अधिकार नाही. देखभाल करायची ती या दुसऱ्या दाराने. पहिल्या पडद्याच्या फाइलीत काही बिघडलं तर तिथे लॉगिनमागून लॉगिन असं चक्र फिरत राहतं, पडदा लुकलुकतो. तेव्हाही हाच रस्ता उपयोगी पडतो.

ही वाट धरणाऱ्यांना दोन-तीन खाचखळगे आधी माहीत असलेले बरे. एरवी लॉगिनच्या वेळी दिलेल्या पासवर्डनेच साठवलेल्या पासवर्डांची तिजोरी, म्हणजे कीरिंग, गुपचूप उघडली जाते. पासवर्ड दिलाच नाही तर ती बंद राहते आणि ब्राउझर उघडताच तोच प्रश्न तिथे उभा राहतो. लाइट-लॉकरसारखी पडदा बंद करणारी साधनं लाइटडीएमवर विसंबून असतात, ती इथे चालत नाहीत, एक्सस्क्रीनसेव्हर चालतो. एक्स सोडून वेलँडवर आलेल्यांनी स्टार्टएक्सच्या जागी स्वे किंवा आपल्या आवडीचा कंपोझिटर लिहावा, बाकी रचना तीच.

माझं मत विचाराल तर वाचनालय, शाळा, दुकानातला माहितीफलक, आजोबांचा फक्त भजनं आणि बातम्यांचा संगणक, यांना लॉगिनचा पडदा नको. ज्या लॅपटॉपमध्ये बँकेची कागदपत्रं आहेत आणि जो पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला ये-जा करतो, त्याला सरळ हा उपाय लावू नका. त्याची डिस्क आधी एन्क्रिप्ट करून घ्या. मग सुरुवातीलाच डिस्कचा पासवर्ड द्यावा लागेल. सुरू होताना दुसऱ्यांदा तो विचारून घेण्यात फारसा अर्थ नाही, तेव्हा लॉगिन मॅनेजर खुशाल काढा. डिस्क मोकळी ठेवून नुसता लॉगिनचा पडदा ठेवला असेल, तर पेनड्राइव्हवरून दुसरं लिनक्स सुरू करून तुमच्या फायली कुणीही वाचू शकतो.