न केल्याचा अपराध

नदीला पूर आला आहे, उतार बुडाला आहे. वाटसरू पाण्यांत पाऊल घालतो. कांठावरचा मनुष्य सर्व जाणून मुद्दाम मौन धरतो आणि वाटसरू बुडतो. हा खून झाला काय? १८३७ सालीं मेकॉले व त्याचे सहकारी यांनीं हिंदुस्थानच्या दंडसंहितेचा जो मसुदा सिद्ध केला, त्यांत हा दृष्टांत आहे. तो मनुष्य इशारा देण्यास नेमलेला शिपाई किंवा वाट दाखविण्याचा करार केलेला वाटाड्या असेल तर खुनी. भूतदयेवांचून दुसरें नातें नसलेला तिऱ्हाईत असेल तर नव्हे. पायांशीं भुकेल्याला मरूं देणारा धनिक दुष्ट खरा, पण दंडास पात्र नाहीं. कारण त्यास शिक्षा दिली तर पुढें रेषा कोठें ओढावी, हें त्यांस दिसेना.

हा युक्तिवाद आम्हांस मान्य आहे. परंतु त्याच १८३७-३८ सालीं दुआबांत दुष्काळ पडून लाखों माणसें मेलीं. सारा वसूल करणारें कंपनी सरकार त्या रयतेचें कोण, तिऱ्हाईत कीं वाटाड्या, हा प्रश्न त्या दृष्टांतांत येत नाहीं. पुढें १८६० च्या कायद्यानें कृतीच्या जोडीला बसविलें तें केवळ बेकायदेशीर अकरण. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतही ती मर्यादा तशीच आहे.