दुपारची पंगत, तंत्रज्ञांची संगत

निरनिराळ्या संगणक कंपन्यांतील अभियंते, नवउद्योजक आणि विद्यार्थी दुपारच्या जेवणासाठी अनौपचारिकपणे एकत्र जमतात, अशा मेळाव्यांना 'नेटवर्किंग लंच' म्हटले जाते. तेथे व्यासपीठ नसते, अध्यक्ष नसतो आणि भाषणेही बहुधा नसतात. एखादी कंपनी यजमानपद स्वीकारते, आपले भोजनगृह तास-दीड तासासाठी खुले करते आणि येईल तो पाहुणा ठरतो. या प्रथेचे एक गाजलेले रूप म्हणजे अमेरिकेतील 'लंच २.०' होय.

'लंच २.०'चा उगम २००६ मध्ये कॅलिफोर्नियातील सिलिकॉन व्हॅलीत झाला. तेथील बड्या कंपन्या कर्मचाऱ्यांना भोजनगृहात उत्तम जेवण देत असत. काही तरुण अभियंत्यांनी एकमेकांच्या कंपनीत पाहुणे म्हणून जेवायला जाण्यास सुरुवात केली आणि त्या काळी चलनात असलेल्या 'वेब २.०' या शब्दावरून या उपक्रमाचे बारसे केले. पुढे कंपन्याच होऊन अशा पंगतींचे आमंत्रण देऊ लागल्या. सिअ‍ॅटल, पोर्टलंड आदी शहरांतही हे लोण पसरले.

यांपैकी पोर्टलंडचे उदाहरण बोलके आहे. ओरेगन राज्यातील हा परिसर 'सिलिकॉन फॉरेस्ट' म्हणून ओळखला जातो. १९४६ मध्ये स्थापन झालेली टेक्ट्रॉनिक्स आणि १९७० च्या दशकात तेथे आलेली इंटेल या कंपन्यांभोवती हे क्षेत्र वाढले. 'विकी' ही संकल्पना वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये याच परिसरातून जगापुढे आणली. मात्र मोठ्या कंपन्यांची आवारे पश्चिमेकडील उपनगरांत, तर छोट्या कंपन्या आणि स्वतंत्रपणे काम करणारे अनेक तंत्रज्ञ शहरात, अशी विभागणी होती. घरी एकट्याने काम करणाऱ्याला या पंगतीतून सहकारी लाभले.

जेवता जेवता झालेल्या जुजबी ओळखीचा उपयोग काय, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याचे उत्तर सापडते. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारले, की ती माहिती देणारी व्यक्ती तुम्हाला किती वेळा भेटत असे. 'वारंवार' असे सांगणारे सुमारे १७ टक्के, 'अधूनमधून' म्हणणारे ५६ टक्के, तर 'क्वचित' म्हणणारे २८ टक्के निघाले. कारण उघड आहे. जिवलग मित्राला बहुधा आपल्याला ठाऊक असलेलेच ठाऊक असते. नवी वार्ता आणतो तो दूरचा परिचित.

जी गोष्ट व्यक्तीची, तीच प्रदेशाची. अ‍ॅनाली सॅक्सेनियन यांनी १९९४ च्या 'रीजनल अ‍ॅडव्हान्टेज' या ग्रंथात सिलिकॉन व्हॅलीची तुलना बोस्टनजवळील 'रूट १२८' या औद्योगिक पट्ट्याशी केली. बोस्टनकडील कंपन्या आपापल्या भिंतींआड राहिल्या, तर व्हॅलीत प्रतिस्पर्ध्यांचे अभियंते एकमेकांशी मोकळेपणाने बोलत आणि सहजपणे नोकऱ्या बदलत. म्हणून बदलत्या काळाशी व्हॅलीने लवकर जुळवून घेतले, असा त्यांचा निष्कर्ष होता. नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जाण्यास मनाई करणारे करार कॅलिफोर्नियात १८७२ पासून सामान्यतः निरर्थक ठरतात. भारतीय करार कायदाही १८७२ चाच असून त्याच्या कलम २७ चा रोखही तोच आहे. गोपनीयतेचे बंधन मात्र दोन्हीकडे कायम राहते. त्यामुळे पंगतीत आपल्या कौशल्याविषयी बोलावे, मालकाच्या गुपितांविषयी नव्हे, हा संकेत पाळणे इष्ट.

दुपारच्या वेळेलाही विशेष अर्थ आहे. १९७५ मध्ये मेन्लो पार्क येथील एका गॅरेजमध्ये सुरू झालेल्या 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब'च्या बैठका सायंकाळी होत. स्टीव्ह वॉझ्नियाक यांच्या पहिल्या अ‍ॅपल संगणकाची प्रेरणा तेथलीच. परंतु कामानंतरची वेळ सर्वांची नसते. मुलाला पाळणाघरातून आणायचे असलेल्या आईला, घरी आजारी वडील असलेल्या मुलाला किंवा शेवटची बस गाठायची असलेल्या कर्मचाऱ्याला सायंकाळची बैठक बंदच असते. जेवणाची सुट्टी त्या मानाने अधिक लोकांच्या हातात असते.

अर्थात, यजमान निव्वळ अन्नदानासाठी पंगत मांडत नाही. चांगली माणसे हेरणे आणि कंपनीचे नाव चर्चेत ठेवणे हे हेतू त्यामागे असतातच. त्यात गैर काही नाही. मात्र प्रत्येक पाहुण्याकडे केवळ उमेदवार म्हणून पाहिले जाऊ लागले, की मोकळेपणा संपतो. आपल्याकडे वाढताना दुजाभाव करण्याला 'पंक्तिप्रपंच' म्हणतात. मोठ्या कंपनीच्या अधिकाऱ्याभोवती गराडा आणि कोपऱ्यातला विद्यार्थी एकटा, हाही पंक्तिप्रपंचच.

२००० च्या दशकाच्या अखेरीस पुण्यातही 'ओपन कॉफी क्लब'च्या रूपाने नवउद्योजकांच्या अनौपचारिक भेटी सुरू झाल्या. २०२० च्या महासाथीनंतर घरून काम करण्याची पद्धत रुजली आणि डबा खातानाचे सहज संभाषण अनेकांच्या दिनक्रमातून नाहीसे झाले. अशा मेळाव्यासाठी फार भांडवल लागत नाही. महिन्यातला एक ठरलेला वार, सार्वजनिक वाहनाने गाठता येईल अशी जागा, ज्याचा त्याचा डबा आणि अनोळखी माणसाशेजारी बसण्याचा नेम एवढे त्याला पुरते.