पाद्र्याची सही आणि चौदा वर्षांची हद्दपारी

१/ अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये लग्न लावणे अगदी सोपे होते. लग्न झाले होते हे सिद्ध करणे मात्र महाकठीण. १७५३ साली ब्रिटिश संसदेने यावर एक कठोर कायदा केला आणि लग्न लावणाऱ्या पाद्र्याच्या हाती धर्मग्रंथाबरोबरच नोंदवहीही दिली. त्या नोंदवहीचा हा इतिहास.

२/ तत्पूर्वी पाद्र्यासमोर वधूवरांनी परस्परांना वचन दिले की विवाह ग्राह्य ठरे. लग्नाआधी चर्चमध्ये जाहीर घोषणा व्हावी किंवा बिशपचा परवाना घ्यावा, असा नियम होता. पण तो मोडला तरी विवाह टिके. शिक्षा होई ती पाद्र्याला.

३/ या फटीचा लाभ घेतला गेला तो फ्लीट तुरुंगाच्या परिसरात. हा प्रामुख्याने कर्जबाजारी लोकांचा तुरुंग. कर्जापायी तेथे अडकलेल्या पाद्र्यांजवळ फुटकी कवडी नसे. त्यांना दंडाची भीती ती कसली? भोवतालच्या दारूच्या गुत्त्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत ते बिनदिक्कत लग्ने लावीत.

४/ नोंद होई ती खासगी वह्यांत. जादा पैसे मोजले की मागची तारीख पडे, कधी पूर्ण नावाऐवजी केवळ आद्याक्षरे लिहिली जात. पुढे नवऱ्याने लग्नच नाकारले, तर पत्नीचा हक्क आणि मुलांचा वारसा अशा वहीवर टांगलेला असे. यांतील शेकडो वह्या आजही ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

५/ लॉर्ड चान्सलर हार्डविक यांचा कायदा २५ मार्च १७५४ पासून लागू झाला. तीन रविवारी जाहीर घोषणा किंवा परवाना, चर्चमध्येच विधी, बांधीव नोंदवहीची क्रमांकित पाने आणि त्यांवर वधू, वर, पाद्री व दोन साक्षीदार यांच्या सह्या. यहुदी आणि क्वेकर पंथीयांना सूट मिळाली. कॅथलिकांना मात्र १८३७ पर्यंत कायदेशीर विवाहासाठी अँग्लिकन चर्चची पायरी चढावी लागली.

६/ घोषणा वा परवान्याविना जाणूनबुजून लग्न लावणाऱ्या पाद्र्यास चौदा वर्षे अमेरिकेतील वसाहतींत हद्दपारी. नोंदवहीत खोटी नोंद करणाऱ्यास मृत्युदंड!

७/ ही धमकी पोकळ नव्हती. लंडनच्या सॅव्हॉय चॅपेलचे पाद्री जॉन विल्किन्सन यांचा दावा असा, की आपले चॅपेल राजाच्या खास अखत्यारीतले असल्याने परवाना देण्याचा अधिकार आपल्यालाच आहे. न्यायालयाला तो मान्य झाला नाही. आधी त्यांचे सहायक ग्रीअर्सन आणि मागोमाग, १७५७ साली, स्वतः विल्किन्सन यांना चौदा वर्षांची हद्दपारी झाली. अमेरिका दृष्टीस पडण्यापूर्वीच विल्किन्सन यांचा मृत्यू झाला.

८/ झळ दांपत्यांनाही बसली. एकवीस वर्षांखालील व्यक्तीने वडिलांच्या संमतीविना परवान्यावर लग्न केले, तर ते मुळातच रद्दबातल. भरल्या संसारात, मुलेबाळे झाल्यावरही ते मोडता येई. ज्या कागदाने पत्नीला आधार द्यायचा, तोच तिला बेघर करू शके. अखेर १८२३ च्या कायद्याने नियम सौम्य केला : दोघांनी जाणूनबुजून नियम मोडला असेल, तरच विवाह रद्द.

९/ नोंदवहीची ही परंपरा इंग्रजांबरोबर हिंदुस्थानातही आली. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने पाद्र्यांना सरकारी परवाने देण्याची तरतूद केली. परवानाधारक पाद्र्याने नोंदवहीत आणि जोडलेल्या स्थळप्रतीवर अशी दुहेरी नोंद करायची, दोन्हींवर सह्या घ्यायच्या व स्थळप्रत निबंधकाकडे धाडायची. अधिकार नसताना लग्न लावल्यास दहा वर्षांपर्यंत कैद. देशाच्या बहुतांश भागांत हा कायदा आजही लागू आहे.

१०/ हार्डविक यांना कल्पनाही नसेल असा एक उपयोग इतिहासकारांनी १७५४ नंतरच्या इंग्रज नोंदवह्यांचा केला : साक्षरता मोजण्याचा. आरंभीच्या काळात साधारण ४० टक्के वरांनी आणि ६० टक्क्यांहून अधिक वधूंनी सहीच्या जागी फुली मारलेली आढळते. त्यांतील कित्येकींच्या हातची, काळाच्या ओघात टिकून राहिलेली तेवढीच एक खूण.