परवान्याची कुळकथा

आपल्या ज्ञातीतील कोणाही बांधवाच्या खानावळीत अथवा चहाच्या दुकानात पाऊल टाकावे, तो गल्ल्यामागील भिंतीवर दोन प्रकारच्या तसबिरी दृष्टीस पडतात. एक कुलदैवताची व दुसरी परवान्यांची. पहिलीस रोज हार घातला जातो. दुसरीकडे तपासनीस दारात उभा राहीपर्यंत कोणी मान वर करूनही पाहत नाही. परवाना म्हणजे सरकारने लहान माणसाच्या मागे लावलेला ससेमिरा, अशीच आपल्यापैकी पुष्कळांची समजूत आहे. ती सर्वस्वी खोटी आहे असे मी म्हणत नाही. परंतु या कागदाचे कूळ कोणते, तो कोणकोणत्या हेतूंनी जन्मास आला, हे जाणून घेतल्यावाचून त्याची निंदा अथवा स्तुती करणे न्यायाचे होणार नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

‘परवाना’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. कल्पना मात्र त्याहून फार जुनी आहे. १९०९ साली शामशास्त्री यांनी जे प्रसिद्धीस आणले त्या कौटिलीय अर्थशास्त्रात वजनमापांवर देखरेख करणारा पौतवाध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे. व्यापाऱ्याने दर चार महिन्यांनी आपली वजने तपासून त्यांवर मुद्रा उमटवून घ्यावी, बिनमुद्रेचे वजन वापरल्यास दंड भरावा, असा तेथे नियम आहे. धान्य, तेल, मीठ, औषधे यांत तशाच रंगाचा दुसरा पदार्थ मिसळणाऱ्यास बारा पणांचा दंड आहे. शिजविलेला भात विकणाऱ्या ‘औदनिका’चाही त्या ग्रंथात उल्लेख आहे. त्याने आपल्या पूर्ण ओळखीच्या माणसासच मुक्कामास जागा द्यावी, अशी आज्ञा आहे. म्हणजे माप खरे असावे, पदार्थ शुद्ध असावा आणि परक्याच्या वावरावर नगराचे लक्ष असावे, ही तिन्ही सूत्रे आपल्या भूमीत इंग्रज येण्यापूर्वी कित्येक शतके रुजलेली होती. परवाना ही केवळ साहेबाची देणगी नव्हे.

मराठेशाहीत शहराच्या बाजारपेठेवर कोतवालाची नजर असे, आणि दुकान, माग, घाणा अशा धंद्यांवर ‘मोहतर्फा’ नावाचा कर बसत असे. इंग्रजी अमलातही तो काही काळ चालू राहिला. पुढे १८४४ च्या एकोणिसाव्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरजकात व उदीमधंद्यांवरील कर रद्द झाले. लहान कारागिरास त्या वेळी किती हायसे वाटले असेल, त्याची कल्पना करावी.

परंतु हे सुख फार काळ टिकले नाही. १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. दुष्काळनिवारणास पैसा हवा म्हणून १८७८ साली मुंबई सरकारने ‘लायसेन्स टॅक्स’ बसविला. धंदा करावयाचा तर परवाना घ्यावा आणि परवान्याचे पैसे मोजावे! यात आरोग्याचा अथवा सुरक्षिततेचा लवलेशही नव्हता. नाव परवान्याचे, पण वस्तुतः तो करच होता. एप्रिल १८७८ मध्ये सुरतेच्या दुकानदारांनी याविरुद्ध दुकाने बंद ठेवली, दंगल उसळली, गोळीबार झाला आणि माणसे प्राणास मुकली. अखेर १८८६ च्या प्राप्तिकर कायद्यात हा कर विलीन झाला. आपल्या वाडवडिलांच्या मनात परवान्याविषयी जी अढी बसली, तिचे एक मूळ येथे सापडते. ज्या कागदाच्या मोबदल्यात काहीच मिळत नाही, त्या कागदाविषयी आदर कोठून उत्पन्न व्हावा?

त्याच काळात परवान्याची दुसरी शाखाही वाढत होती. मुंबई शहर गिरण्यांमुळे फुगत चालले होते. १८६५ च्या कायद्याने म्युनिसिपल कमिशनरचे पद निर्माण झाले व आर्थर क्रॉफर्ड हे पहिले कमिशनर झाले. १८८८ साली मुंबई महानगरपालिकेचा कायदा झाला. त्याच्या ३९४ व्या कलमान्वये आग, दुर्गंधी अथवा रोगराई यांचे भय ज्यांपासून आहे असे धंदे व असे पदार्थांचे साठे परवान्यावाचून चालविण्यास मनाई झाली. पुढे आठच वर्षांनी, १८९६ साली, मांडवी भागात प्लेग उद्भवला आणि अस्वच्छतेची किंमत काय असते हे घराघरांस कळून चुकले. एका दुकानातील घाण ही त्या दुकानदाराची खाजगी बाब राहत नाही, ती अवघ्या आळीची बाब होते, हे या दुसऱ्या प्रकारच्या परवान्याचे तत्त्व होय.

परवाना देणे हे जसे सरकारचे काम, तसे तो न देणे हेही कधी कधी त्याचे कर्तव्य असते. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना महात्मा जोतीराव फुले यांनी १८८० साली शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. सरकारास त्या परवान्यांतून उत्पन्न मिळते, परंतु गरिबाची चूल विझते, ही त्यांची खंत होती. महसुलाचा परवाना आणि लोकहिताचा परवाना यांतील भेद जोतीरावांनी त्या काळी ओळखला होता.

तिसरी शाखा कामगारांच्या कष्टांतून फुटली. दुकाने व हॉटेले यांतील नोकरांस कामाच्या तासांची मर्यादा नव्हती. पहाटे भट्टी पेटे आणि मध्यरात्री टेबले पुसून पोऱ्या त्यांच्याचवर निजे. १९३९ साली मुंबई प्रांताने दुकाने व आस्थापना यांचा कायदा केला. त्याच्या जागी १९४८ चा कायदा आला. नोंदणी, कामाचे तास, साप्ताहिक सुटी व रजा यांचे बंधन मालकांवर आले. लहान मुलांना कामास ठेवण्याची रीत मात्र पुष्कळ वर्षे सुटली नाही. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांस हॉटेले, ढाबे व घरकाम यांत ठेवण्यास देशभर मनाई झाली. माझ्या वर्गातून मध्येच नाहीशी झालेली काही मुले अशाच एखाद्या टेबलाशी उभी असलेली मी स्वतः पाहिली आहेत. त्यांतील काही आपल्याच ज्ञातीची होती, आणि मालकही आपलेच होते. हे लिहिताना संकोच वाटतो, तथापि लपविणे बरे नव्हे.

दुसऱ्या महायुद्धात धान्यटंचाई झाली व १९४३ साली मुंबईत शिधावाटप सुरू झाले. तांदूळ, साखर, रॉकेल सारे परवान्यावर आले. स्वातंत्र्यानंतरही नियंत्रणाचा हा वारसा उद्योगधंद्यांत पसरला आणि चक्रवर्ती राजगोपालाचारींनी त्यास ‘परमिट-लायसेन्स राज्य’ असे नाव ठेवले. टंचाईच्या पोटी वशिला जन्मतो आणि वशिल्याच्या पोटी लाच, हा अनुभव त्या पिढीने घेतला.

परंतु स्वतंत्र भारताने परवान्यास एक नवा अर्थही दिला, आणि तो आपण विसरता कामा नये. घटनेच्या १९ व्या कलमाने प्रत्येक नागरिकास कोणताही धंदा करण्याचा हक्क दिला व लोकहितार्थ त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा राज्यास दिली. १५ व्या कलमाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणासही अटकाव करता येणार नाही असे सांगितले. पुढे १९५५ चा अस्पृश्यतेचा कायदा झाला. अस्पृश्यतेच्या कारणावरून माल अथवा सेवा नाकारणारा दोषी ठरल्यास न्यायालयास त्या धंद्याचा परवाना रद्द अथवा स्थगित करण्याचा अधिकार त्यात दिलेला आहे. ज्या देशात एकाच दुकानात माणसामाणसांसाठी निराळ्या कपबशा ठेवल्या जात, त्या देशात परवाना हा समतेचा पहारेकरी झाला. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हे वाक्य आवर्जून छापले जावे अशी माझी इच्छा आहे. ज्ञातीचा अभिमान बाळगावा, पण गिऱ्हाइकाची ज्ञात विचारू नये.

आता एक घरची गोष्ट सांगतो. माझ्या मामांचे एका तालुक्याच्या गावी रस्त्याच्या कडेला चहा-भज्यांचे दुकान होते. भिंतीवर गणपतीशेजारी चौकटीत एक परवाना होता. १९७१ साली मी इंग्रजी नुकता वाचू लागलो होतो. मामा म्हणाले, “अरे, मास्तर व्हायचंय ना तुला? मग वाच बघू काय लिहिलंय ते.” मी अडखळत वाचले आणि म्हणालो, “मामा, याची मुदत दोन वर्षांमागंच संपलीय.” मामा हसले. म्हणाले, “साहेब आपल्या ओळखीचे आहेत. वर्षाला माणूस येतो, पैसे घेऊन जातो. कागद कशाला हवा?” तो माणूस खरोखरीच येत असे. चहा पीत असे, पैसे घेत असे आणि पावती देत नसे. अशी बरीच वर्षे गेली. १९८४ च्या सुमारास रस्ता रुंद करावयाचे ठरले. ज्यांच्याजवळ चालू परवाना व पावत्या होत्या त्यांना दुसरीकडे गाळे मिळाले. मामांनी चौकटीतला तो जुना कागद काढून नेला. “एवढी वर्षं पैसे भरले हो मी,” असे ते पुनःपुन्हा सांगत राहिले. कागदोपत्री त्यांचे दुकान कधीचेच बंद झालेले होते! उरलेले आयुष्य त्यांनी दुसऱ्याच्या भट्टीवर काढले. त्या वेळी मी शिक्षक झालो होतो, चार अक्षरे जाणत होतो. दरवर्षी एक अर्ज लिहून देणे मला अशक्य नव्हते. ते मी केले नाही, याची रुखरुख मला आजही आहे. पैसे घेणाऱ्याचा दोष होताच, परंतु पावती न मागणाऱ्याचा आणि ती मागावयास न शिकविणाऱ्याचाही काही दोष होता.

याच्या उलट उदाहरणही आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटण्यास आरंभ केला. तीच श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड ही संस्था. १९६६ साली तिची रीतसर नोंदणी झाली व खादी-ग्रामोद्योग आयोगाने तिला मान्यता दिली. कष्ट तर त्या भगिनी आधीपासूनच करीत होत्या, पण कागदाने त्या कष्टांना पत मिळवून दिली.

अलीकडच्या काळात पुष्कळ जुने कायदे जाऊन नवे आले. १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा जाऊन २००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. त्याच वर्षीच्या नियमांनी वार्षिक बारा लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान धंद्यास परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरेशी ठरविली व तिची फी वर्षास शंभर रुपये ठेवली. घरून डबे पुरविणारी भगिनीही या कायद्याच्या कक्षेत येते, हे तिला कोणी सांगतच नाही. २०१४ च्या कायद्याने फेरीवाल्यांस विक्रीचे प्रमाणपत्र व नगर विक्रेता समितीत किमान चाळीस टक्के जागा दिल्या. महाराष्ट्रातील २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानास नोंदणीऐवजी केवळ माहिती कळविणे पुरेसे केले. म्हणजे लहान माणसावरील ओझे काही अंशी उतरले आहे.

उतरू नये असे ओझे कोणते, तेही दैवाने दाखविले आहे. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी मुंबईत कुर्ला येथील एका हॉटेलात आग लागून आठ जणांचा अंत झाला. त्यांत जेवावयास आलेले कोवळे विद्यार्थी होते. २०२५ साली उच्च न्यायालयाने या प्रकरणी महापालिकेसही जबाबदार धरून मृतांच्या कुटुंबीयांस भरपाई देण्यास सांगितले. २९ डिसेंबर २०१७ रोजी लोअर परळच्या कमला मिलमध्ये उपाहारगृहांस लागलेल्या आगीत चौदा जण मृत्युमुखी पडले. परवान्याचे बंधन घेणाऱ्यावर आहे तितकेच देणाऱ्यावरही आहे, हा धडा त्यातून घ्यावयाचा. गॅसची टाकी कोठे ठेवावी, बाहेर पडण्याची वाट मोकळी आहे की नाही, हे प्रश्न तपासनिसासाठी नसून आपल्याच गिऱ्हाइकाच्या लेकरांसाठी आहेत.

सारांश, परवान्याच्या कुळात तीन भावंडे आहेत. एक खजिन्यासाठी, एक लोकांच्या जिवासाठी व एक मर्जीसाठी. पहिल्याविषयी हिशेब विचारावा, दुसऱ्याचे मनोभावे पालन करावे आणि तिसऱ्यास उंबऱ्याबाहेर ठेवावे. तिसऱ्यास बाहेर ठेवण्याचे साधन एकच, ते म्हणजे पावती.

शेवटी एक नम्र सूचना. आपल्या मंडळाने महिन्यातून एक रविवार या कामासाठी राखून ठेवावा. लिहितावाचता येणाऱ्या निवृत्त मंडळींनी तेथे बसावे, बांधवांचे व भगिनींचे अर्ज भरून द्यावे, कोणत्या कागदाची मुदत केव्हा संपते याची एक वही ठेवावी. विद्यार्थ्यांस शिष्यवृत्ती देण्याइतकेच हे पुण्याचे काम आहे. मी स्वतः त्या दिवशी हजर राहीन. मामांचे दुकान आता परत येणार नाही, पण दुसऱ्या कोणाचे जाऊ नये.