फुटल्या तारवाचा धनी

समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेले तारू कोणाचे, हा वाद कोकणपट्टीला नवा नाही. १६७४ मध्ये मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन राज्याभिषेकसमयी रायगडावर आला. त्याच्या मागण्यांत एक कलम असे होते, की महाराजांच्या किनाऱ्यास लागून फुटलेली इंग्रजांची जहाजे व त्यांवरील माल परत मिळावा. महाराजांनी त्यास हरकत घेतली. किनाऱ्यास लागलेले तारू परत न देणे हा कोकणचा रिवाज. इंग्रजांना सवलत दिली तर फ्रेंच व डच हेही तीच मागतील, असे त्यांचे म्हणणे होते.

या वादातील मर्म असे, की फुटके जहाज दोन्ही पक्षांना हवे होते. मालाची गोष्ट सोडली तरी लाकडी फळी, लोखंडी खिळा, नांगर, दोर या साऱ्यांना मोल होते. उरलेसुरले लाकूड कालांतराने कुजून जाई. तेव्हा प्रश्न एवढाच होता, की हे घ्यावे कोणी?

सव्वातीनशे वर्षांनंतर, जून २००० मध्ये, गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यालगत ‘रिव्हर प्रिन्सेस’ नावाचे प्रचंड पोलादी मालवाहू जहाज वाळूत रुतले. जुने जहाज तरंगत असेतो ते ओढून अलंगला वा मुंबईच्या दारूखान्याला नेता येते. त्याच्या पोलादाला गिऱ्हाईक असते. तेच वाळूत बसले, पोटात वाळू व पाणी भरले, म्हणजे लाटांच्या माऱ्यात कापून तुकड्यातुकड्यांनी बाहेर काढावे लागते. मग पोलादाच्या किमतीहून काढण्याचा खर्चच जड होतो. शेवटी सरकारला कायद्याच्या आधारे ताबा घ्यावा लागला आणि किनारा मोकळा होण्यास सुमारे बारा वर्षे गेली. प्रश्न आता उलटला होता: हे न्यावे कोणी?

याचे उत्तर देण्यासाठी २००७ मध्ये नैरोबी येथे आंतरराष्ट्रीय करार झाला व एप्रिल २०१५ मध्ये तो अमलात आला. धोकादायक ठरलेले बुडीत वा रुतलेले जहाज हलविणे हे मालकाचे कर्तव्य ठरले; ३०० टन व त्यावरील जहाजांना त्यासाठी विमा सक्तीचा झाला. भारतही या करारात सामील आहे.

परंतु लहान होडी या विम्याच्या सक्तीबाहेरच राहिली. आजच्या कित्येक होड्या फायबरच्या. ते लाकडासारखे कुजत नाही, लोखंडासारखे वितळवून विकताही येत नाही. मालकाने पाठ फिरविली, की होडी खाडीच्या चिखलात वर्षानुवर्षे पडून राहते आणि तिचा भार गावावर पडतो. फ्रान्सने २०१९ पासून सहलीच्या नव्या होड्यांच्या विक्रीवरच आकार बसवून त्यातून जुन्या होड्या मोडण्याची सोय केली, ती याच कारणास्तव.

तारू पाण्यात लोटताना आपण नारळ वाढवितो. त्याच मुहूर्तावर त्याच्या अखेरच्या खर्चाचीही तजवीज झाली पाहिजे; कारण तारू निकामी झाल्यावर त्याचा धनी सापडेलच, असे नाही.