टिळकांचा फोटो आणि रखमाबाईंचा खटला

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या आपल्या बचत गटांत आम्ही थोरांच्या जयंत्या-पुण्यतिथ्या मनापासून करतो. टिळकांचं भाषण असलं की शेंगांची टरफलं येतात, मंडालेचा तुरुंग येतो. रखमाबाई मात्र येत नाहीत. कुणी ताईने विचारलंच, तर उत्तर ठरलेलं: अगं, तो काळच तसा होता!

होता का तसा? बघू या.

रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लावलं गेलं. त्या माहेरीच राहिल्या, शिकल्या. मोठेपणी नांदायला जायला त्यांनी नकार दिला. दादाजींनी १८८४ मध्ये मुंबई हायकोर्टात दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, अपिलात तो फिरला. मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या.

टिळक दादाजींच्या बाजूने उभे राहिले. तुरुंगाची भीती ज्याला कधी वाटली नाही, त्या माणसाला या मुलीची हिंमत दिसली नाही. बिघडलं ते मुलींना दिलेल्या इंग्रजी शिक्षणामुळे, असाच त्यांचा सूर.

पुढे बंगालमधली फुलमणी ही कोवळी मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली. १८९१ मध्ये सरकारने संमतीवय दहावरून बारा केलं, तेव्हा टिळकांनी त्या कायद्याला कडाडून विरोध केला. खरं सांगायचं तर मुलींची लग्नं सोळाआधी करू नयेत, असं त्यांनीच सुचवलं होतं. पण ते सुधारकांनी आपणहून पाळायचं, परक्या सरकारने कायदा करायचा नाही. मुद्दा बिनबुडाचा नव्हता. पण तोवर त्या मुलींनी काय करायचं?

आता काळाचं. टिळक आणि आगरकर दोघंही १८५६ च्या जुलैतले, नऊ दिवसांच्या अंतराने जन्मलेले. एकाच कॉलेजात शिकले, १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगातही बरोबर होते. त्याच काळात राहून आगरकरांनी 'सुधारक' काढला आणि संमतीवयाच्या कायद्याला पाठिंबा दिला. म्हणजे दिसत होतं, बघणाऱ्याला.

आपल्या गटात अध्यक्षताई कितीही विश्वासाची असो, वही दर महिन्याला सगळ्यांसमोर उघडतेच. त्यात तिचा अपमान कुणाला वाटत नाही. थोरांची वही उघडायला मात्र आम्ही घाबरतो. डॉ. आंबेडकरांनी १९४३ मध्ये पुण्यात, रानड्यांवरच्याच भाषणात, विभूतिपूजेविरुद्ध बजावलं होतं. बाबासाहेबांचा फोटो आपल्यातल्या कितीतरी घरांत आहे; ते भाषण किती घरांत आहे?

रखमाबाईंचा खटला १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन मिटला. त्या लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन परत आल्या, आणि सुरत-राजकोटच्या दवाखान्यांत कितीतरी वर्षं बायकांना तपासत राहिल्या.