प्रयोगशाळेतून उमटलेला नकार

वैज्ञानिक भौतिकवादाची चिकित्सा म्हटली की ती धर्मपीठावरूनच व्हायची, असे आपण गृहीत धरतो. तिचा एक महत्त्वाचा उद्गार मात्र प्रयोगशाळेतून आला, हे येथे नोंदवावेसे वाटते.

यकृताचे पित्ताशी जे नाते तेच मेंदूचे विचाराशी, असे लिहून कार्ल फोग्ट यांनी १८४७ साली जर्मनीत खळबळ उडवली. १८५५ साली लुडविग ब्यूख्नर यांचे ‘शक्ती आणि द्रव्य’ आले. ‘वॉयत्सेक’कार गेओर्ग ब्यूख्नर यांचे हे धाकटे बंधू. पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या.

१४ ऑगस्ट १८७२ रोजी लाइपझिग येथे निसर्गशास्त्रज्ञ व वैद्य यांच्या अधिवेशनात एमिल द्यु ब्वा-रेमों यांचे व्याख्यान झाले. मज्जातंतूंतील विद्युत्प्रवाहांचा अभ्यास करणारा हा शरीरक्रियाशास्त्रज्ञ ‘जीवनशक्ती’ नामक गूढ तत्त्वाचा कट्टर विरोधक होता. तरीही त्यांचे प्रतिपादन असे, की मेंदूतील प्रत्येक अणूची गती ठाऊक झाली तरी तीतून वेदना वा गुलाबाचा गंध जाणवतो कसा, हे उलगडणार नाही. येथे विज्ञानाने ‘ठाऊक नाही’ एवढ्यावर न थांबता ‘कळणार नाही’ असे म्हणावे.

१८८० साली त्यांनी अशी सात विश्वकोडी मांडली. १८९९ साली एर्न्स्ट हेकेल यांनी ती सारी निकालात काढल्याचा दावा केला. हा वाद आपल्याकडेही पोहोचला. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी हेकेल यांचा उत्क्रांतिक्रम सांख्यांच्या शेजारी ठेवला, चैतन्य हा जडाचाच परिणाम, हे मात्र नाकारले.

आमच्या मते हेकेल यांची गल्लत पद्धतीला सिद्धान्त मानण्याची आहे. मोजता येते तेवढेच हाती घेणे, ही विज्ञानाची शिस्त आणि तेच त्याचे बळ. परंतु जे मोजता येत नाही ते नाहीच, हे कोणत्या प्रयोगाने सिद्ध झाले? ते तत्त्वज्ञानाचे विधान आहे; त्याने विज्ञानाच्या प्रतिष्ठेवर उसनवारी करू नये. अर्थात ‘कधीच कळणार नाही’ हेही भविष्याविषयीचे धाडसच होय.

कवितेतील दुःख म्हणजे केवळ मेंदूतील रसायने, असे म्हणणारा विद्यार्थी आम्हांला वर्गात भेटतो. विज्ञानाची ही मर्यादा ऐकताच त्या फटीतून चमत्कार आत आणू पाहणाराही भेटतो. द्यु ब्वा-रेमों यांचा नकार दोघांनाही ऐकवण्याजोगा आहे.